दवाखान्यापर्यंत न पोहोचलेली मुलं

२०२० साली २९ मार्च ते २५ एप्रिल या चार आठवड्यांत अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात येणाऱ्या लोकांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली. आदल्या वर्षी याच दिवसांत आठवड्याला सरासरी २१ लाख लोक येत होते, ते १२ लाखांवर आले. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जून २०२० मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. वयानुसार पाहिलं की त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १० वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये घट ७२ टक्के होती आणि ११ ते १४ वयाच्या मुलांमध्ये ७१ टक्के. म्हणजे जिथे आदल्या वर्षी शंभर लहान मुलं आली होती तिथे अठ्ठावीसच आली. मग उरलेली बहात्तर कुठे गेली?

कोविड मुलांना फारसा त्रास देत नाही, हे पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं. ते बव्हंशी खरंही होतं. त्यामुळे मुलांचा विषय आपण तिथेच संपवला. शाळा बंद, मोबाइलचं वेड, ऑनलाइन वर्ग यावर भरपूर बोललो. पण साथीच्या काळात एखादं मूल दुसऱ्याच कशाने आजारी पडलं तर त्याचं काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही. माझं म्हणणं असं, की पहिल्या लाटेत मुलांवर आलेलं मोठं संकट विषाणूपेक्षा उशिराचं होतं. आपल्या मोहल्ल्यांमध्ये तर या उशिराला आणखी काही कारणं होती. त्यांवर आपण अजून नीट बोललेलो नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हरवर नजर ठेवणारी एक यंत्रणा आमच्याकडे असते, काही बिघडलं की ती इशारा देते. एखाद्या रात्री इशारे येणं अचानक थांबलं तर नवा मुलगा खूश होतो. जुना माणूस आधी बघतो, की इशारा देणारा प्रोग्रॅमच बंद पडलाय का. रिकाम्या कॅज्युअल्टीकडे असंच बघायला हवं. ती रिकामी आहे म्हणजे आजार कमी झाला, असं परस्पर ठरवता येत नाही. तसं ठरवण्याचा मोह मात्र सगळ्यांनाच होतो. सरकारलाही होतो, रुग्णालयांनाही होतो.

त्या बहात्तर मुलांचे तीन गट करता येतील. काही मुलं खरोखरच आजारी पडली नाहीत. शाळा बंद, खेळ बंद, तोंडाला मास्क. मग सर्दी-खोकला, त्यातून वाढणारा दमा, तान्ह्या बाळांच्या छातीत भरणारा कफ, हे सगळं कमी झालं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०२० च्या हिवाळ्यात फ्लू आणि आरएसव्ही जवळजवळ दिसलेच नाहीत. (आरएसव्ही नंतर भलत्याच मोसमात उसळून आला, पण तो वेगळा विषय आहे.) दुसऱ्या गटातली मुलं एरवी किरकोळ तक्रारीसाठी आणली जातात. त्यांना घरीच बरं वाटलं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. तिसऱ्या गटाला मात्र डॉक्टरची खरी गरज होती, आणि त्यांना आणलंच नाही.

७२ टक्के हा आकडा या तीन गटांमध्ये फरक करत नाही. फरक कळायचा तर जी मुलं उशिरा का होईना पोहोचली, ती कुठल्या अवस्थेत पोहोचली हे बघावं लागतं.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी ते पाहिलं. लहान मुलांना होणारा टाइप १ मधुमेह आपल्याकडेही असतो, पण बऱ्याच घरांना तो माहीत नसतो. ‘शुगर’ म्हणजे अब्बांचा आजार, असंच आपण धरून चालतो. मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबतं. मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, रात्री अंथरूण ओलं करायला लागतं, दमतं, वाळत जातं. या टप्प्यावर रक्तातली साखर तपासली आणि इन्सुलिन सुरू केलं तर मूल सावरतं. तपासणी झाली नाही तर रक्तात आम्ल साठतं, उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालतो आणि शेवटी शुद्ध हरपते. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. जर्मनीत २०१९ मध्ये नव्याने मधुमेह सापडलेल्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलं या अवस्थेत आली होती. २०२० मध्ये १३ मार्च ते १३ मे या दोन महिन्यांत हे प्रमाण ४४.७ टक्के झालं. ज्या देशात विमा आहे, रुग्णवाहिका वेळेवर येते, बालरोगतज्ज्ञ जवळ असतो, तिथली ही गोष्ट आहे.

इटलीतून आलेली माहिती याहून अस्वस्थ करणारी होती. मार्च २०२० च्या अखेरच्या दिवसांत तिथल्या पाच रुग्णालयांनी उशिरा आणलेल्या बारा मुलांची नोंद केली, आणि ती ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्याच्या नियतकालिकात छापून आली. आजार निरनिराळे होते. कुणाला मधुमेह, कुणाला रक्ताचा कर्करोग, कुणाला झटके. त्यांपैकी चार मुलं वाचली नाहीत. दवाखान्यात गेलो तर कोरोना लागेल, ही पालकांची भीती होती. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञांची पाहणी झाली तेव्हा अडीच हजारांच्या आसपास डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यांच्यापैकी इमर्जन्सीत काम करणाऱ्या दर तिघांतल्या एकाने उशिरा आलेली मुलं पाहिली होती. नऊ मृत्यूंमध्ये हा उशीर हे एक कारण असल्याचं त्यांनी सांगितलं.

हे आई-बाप निष्काळजी नव्हते. ‘घरीच राहा’ हा आदेश त्यांनी इमानदारीने पाळला होता. घरी राहा असं दिवसातून शंभर वेळा सांगितलं गेलं, पण मुलाला धाप लागली तर घरी राहू नका, हे सांगायला यंत्रणा विसरल्या. पुढे ब्रिटनमध्ये रुग्णालयं सुरूच आहेत, या, असं जाहीर आवाहन करावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत देशभरातल्या इमर्जन्सी विभागांतल्या जवळपास तीन चतुर्थांश भेटींची नोंद एका जागी जमा होते, म्हणून तिथे हा खड्डा दिसला. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा रोज काय छापून येत होतं, ते आठवा. पॉझिटिव्ह किती, बरे झाले किती, दगावले किती, खाटा किती, व्हेंटिलेटर किती. आज शहरातल्या कॅज्युअल्टीत किती मुलं आली आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती आली होती, हा रकाना त्यात नव्हता. रकानाच नसेल तर घट दिसणार कशी?

आणि इथे दवाखान्यापर्यंत न पोहोचण्याची कारणं फक्त मनातली नव्हती. २३ मार्चपासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. रिक्षा-टॅक्सी बंद. गल्लीतल्या ज्या डॉक्टरकडे आपण आधी धावतो, त्याच्या दवाखान्याचं शटर खाली. मालेगावात आणि मुंबईच्या वस्त्यांत खासगी दवाखाने उघडावेत म्हणून प्रशासनाला डॉक्टरांना आवाहनं करावी लागली, कारवाईचे इशारे द्यावे लागले. नायरसारखं मोठं रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं, पण तिथे नेहमी जाणाऱ्या घरांनी मग कुठे जायचं हे त्यांना कळवणारं कुणी नव्हतं. गोवंडीतल्या बाईने रात्री दोन वाजता ताप डोक्यात गेलेलं बाळ घेऊन कुठे जायचं? पोलिसांची नाकाबंदी कशी ओलांडायची? १०८ ची गाडी आली तर शेजारी काय म्हणतील? कारण त्या दिवसांत दाराशी रुग्णवाहिका उभी राहिली की सगळी चाळ खिडकीत येत होती.

आमच्या ओळखीतल्या एका घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाचं पोट रमजानच्या पहिल्या आठवड्यात दुखायला लागलं. दोन दिवस ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी. तिसऱ्या दिवशी ताप चढला. त्याच्या अम्मीला दवाखान्याची भीती नव्हती. ती एवढंच म्हणत होती, “तिथं नेलं तर आधी टेस्ट करतील, आणि मग आम्हा सगळ्यांना उचलून नेतील. सासूबाईंना कोण बघणार?” चौथ्या दिवशी नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं. मुलगा वाचला, पण तीन आठवडे दवाखान्यात पडून होता. त्याच्या आईला अडाणी म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की तिचा हिशोब चुकीचा होता का? एक माणूस पॉझिटिव्ह निघाला की सगळं घर विलगीकरण केंद्रात जातं आणि गल्लीला बांबू लागतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुसलमान घरांमध्ये या हिशोबात आणखी एक रकमेची भर पडली होती. मार्चअखेरीस निजामुद्दीन मरकजची बातमी आली, आणि पुढचे कित्येक आठवडे वाहिन्यांवर साथीला जणू धर्म चिकटला. भाजीवाल्याला नाव विचारलं जाऊ लागलं. एप्रिलमध्ये मेरठच्या एका खासगी कर्करोग रुग्णालयाने वर्तमानपत्रात जाहिरातच दिली, की मुस्लिम रुग्णांनी कोरोना निगेटिव्हचा अहवाल घेऊनच यावं. गुन्हा दाखल झाला, रुग्णालयाने माफी मागितली. पण ती जाहिरात व्हॉट्सअॅपवर ज्या वेगाने फिरली त्या वेगाने माफी फिरली नाही. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्यासारखं दिसतं, असं स्पष्ट शब्दांत नोंदवलं. तोवर ऑगस्ट उजाडला होता. एप्रिलमध्ये ज्या आईने मुलाला कॅज्युअल्टीत नेताना केसपेपरवर नाव काय लिहितील याचा विचार केला, तिला या निकालाचा काय उपयोग?

त्यातच सीएए-एनआरसीच्या आंदोलनाचे दिवस नुकतेच सरले होते. दारावर वही-पेन घेऊन येणारा माणूस कशासाठी आलाय, असा संशय घ्यायची सवय वस्त्यांना लागली होती. आरोग्य सर्वेक्षणाला आलेल्या आशाताई त्या संशयात भरडल्या गेल्या.

ही एक बाजू. दुसरी बाजूही आपणच बोलायला हवी. इंदूरमध्ये आरोग्य पथकावर दगड मारले गेले, त्याला कुठलंच समर्थन नाही. धडधाकट मुसलमानांना नेऊन इंजेक्शन देतात, ही अफवा पसरवणारे आपल्यातलेच होते. त्यांचा आवाज मोठा होता, आणि ‘हे खोटं आहे’ म्हणणारे आपल्यातले शिकले-सवरलेले लोक घरगुती ग्रुपमध्ये गप्प बसले. मामूंना उलट कसं बोलायचं, म्हणून! भेदभाव झाला हे खरं, आणि अफवांनी आपणच आपल्या मुलांचा रस्ता अडवला हेही खरं. पहिलं म्हणताना दुसरं झाकायचं, ही सवय मला परवडणारी वाटत नाही, कारण तिची किंमत मुलं मोजतात.

ती किती मोजतात, हे दोन वर्षांनी दिसलं. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या आकड्यांनुसार घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली भारतातली मुलं २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाखांवर गेली. लसीकरणाची सत्रं बंद पडली, कर्मचारी कोविडच्या कामाला लागले, मजुरांची कुटुंबं गावी गेली, परतलेल्यांची नोंद तुटली. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवर आला. तिथून भिवंडी, मालेगाव अशी नावं बातम्यांत येऊ लागली. तीच नावं, जी २०२० मध्येही होती. गोवंडीतली छोटी मुलं दगावली. केंद्राचं पथक आलं, आणि दगावलेल्या मुलांना गोवराच्या लशीचा एकही डोस मिळाला नव्हता असं नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्याला लिहिलं. ज्या मुलांना कॅज्युअल्टीत आणलं नव्हतं, त्यांना लशीच्या सत्रालाही आणलं नव्हतं. भीती एकच, रस्ता एकच. मग साथीची बातमी देताना ‘मुस्लिम वस्त्यांचा लशीला विरोध’ एवढंच काय ते छापून आलं. विरोध काही घरांत होता, हे नाकारत नाही. पण तीन वर्षं ज्या गल्लीत नर्स फिरकली नाही, तिथल्या लोकांचा विरोध मोजला तरी कुणी?

थोडं मोठ्या मुलांबद्दलही लिहायला हवं. त्यांच्या बाबतीत आकडे उलट्या दिशेने गेले. अमेरिकेत २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून इमर्जन्सीत आणल्या गेलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुलींची संख्या २०१९ च्या याच दिवसांपेक्षा जवळपास ५१ टक्क्यांनी जास्त होती. मुलग्यांमध्ये ही वाढ ४ टक्क्यांच्याही आत होती. आपल्याकडे अशा मुलीला कॅज्युअल्टीत नेणं म्हणजे पोलीस केस, बदनामी, पुढे लग्नाचं काय, अशा प्रश्नांची रांग लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं असतं आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. हे आपल्या घरांत सांगितलं गेलेलं नाही. जुम्याच्या खुतब्यात हे दोन वाक्यांत सांगता येईल. मला वाटतं, सांगायला लावलं पाहिजे.

आपल्या संस्थांना काही जमत नाही असं कुणी म्हणू नये. मे २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून ३६ लाख रुपये जमवले आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. भिवंडीत मशिदीत ऑक्सिजन केंद्र चाललं, आणि तिथे कुणाचा धर्म विचारला गेला नाही. राशन, कफन-दफन, सिलिंडर, सगळं तरुणांनी केलं. अनेक वाचकांनी स्वतः केलं असेल. पण हे सगळं मोठ्यांच्या आजाराचा विचार करून झालं. ‘तुमच्या घरात मूल आजारी आहे का, त्याला कुठे न्यायचं ते आम्ही सांगतो, बरोबर येतो’ असं म्हणत दारोदार जाणारा गट मला तरी दिसला नाही. याला पैसे लागत नव्हते. एक मोटरसायकल, एक फोन आणि डॉक्टरशी हुज्जत न घालता बोलू शकणारा एक माणूस एवढंच लागत होतं.

पुढची साथ येईल तेव्हा हे आधी तयार असावं. कुठली लक्षणं दिसली की वाट बघायची नाही, हे प्रत्येक घरात माहीत हवं. पाच वर्षांच्या आतलं मूल काहीच पीत नाही, सगळं ओकून टाकतं, झटके येतात, मलूल पडतं, हाक मारली तर उठत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच दवाखाना. श्वास मोजता येतो; घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, त्यावरच्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. आशाताई हेच शिकून येतात. सातवीतल्या मुलीला हे दहा मिनिटांत शिकवता येतं, आणि घरात ती आहे म्हणजे श्वास मोजणारं कुणीतरी आहे. मोठ्या मुलाची तहान आणि लघवी अचानक वाढली, तो वाळू लागला, तर रक्तातली साखर तपासा. त्याला एक थेंब रक्त लागतं. पोट एका जागी धरून दुखत असेल आणि ताप असेल तर ओवा-हिंग बाजूला ठेवा.

मागण्यांच्या बाबतीत मी एकाच मागणीवर अडून बसेन. महापालिकेने आपल्या प्रत्येक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दर आठवड्याला चौदा वर्षांखालची किती मुलं आली, त्यातली किती दाखल झाली, एवढे दोन आकडे प्रभागानुसार जाहीर करावेत. नाव नको, धर्म नको, आजारही नको. केसपेपरच्या रजिस्टरमध्ये हे दोन्ही आकडे असतातच, फक्त मोजून लावायचे आहेत. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हे एका साध्या एक्सेलचं काम आहे, त्याला कुठलं अॅप लागत नाही. साथीत पहिला आकडा अर्ध्यावर आला आणि आलेल्यांतून दाखल होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, तर समजायचं की त्या प्रभागात मुलं घरी अडकली आहेत, आणि त्याच आठवड्यात गल्लीत भोंगा फिरवायचा, गाडी पाठवायची.

महापालिकांची रुग्णालयं माहितीच्या अधिकाराखाली येतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे हे दोन आकडे आपापल्या शहरातून मागवायला सुरुवात करू. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, औरंगाबाद, मिरज, गोवंडी आणि कुर्ला इथल्या वाचकांनी एकेक रुग्णालय वाटून घेतलं, तर आलेले आकडे एका तक्त्यात बसवायचं काम माझ्याकडे.